गाडीचा रिकॉल निघालाय? या चुका टाळा

जुलै 2023 मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून 87,599 गाड्यांचा रिकॉल जाहीर केला, म्हणजे दोषाच्या शंकेमुळे त्या तपासणी-दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. स्टेअरिंगच्या टाय रॉडमधल्या एका पार्टमध्ये दोष असण्याची शंका होती आणि तो पार्ट क्वचित प्रसंगी तुटू शकतो, असं कंपनीनेच सांगितलं. बातमी दोन दिवस फिरली आणि विरली. आता ईको आपल्याकडे कोण वापरतं ते बघा. शाळेच्या मुलांना नेणारे व्हॅनवाले काका, तालुक्याच्या दवाखान्यात पेशंट पोचवणारी ॲम्ब्युलन्स, केटरिंगवाले, किराणा पोचवणारे. यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात असतात आणि कंपनीच्या नोंदीत मात्र पहिल्या मालकाचाच मोबाइल नंबर राहतो. दोष गाडीबरोबर पुढे जातो, निरोप मागे राहतो. रिकॉलच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

“मला फोन आला नाही, म्हणजे माझी गाडी त्यात नाही”

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती टाळायला एक पैसा लागत नाही. रिकॉल चासी नंबरवर, म्हणजे कारखान्यात प्रत्येक गाडीला दिलेल्या वेगळ्या क्रमांकावर निघतो. मॉडेलचं नाव जुळलं म्हणून घाबरायचं कारण नाही आणि फोन आला नाही म्हणून निश्चिंत राहायचंही कारण नाही. वरच्या रिकॉलमध्ये 5 जुलै 2021 ते 15 फेब्रुवारी 2023 या काळात बनलेल्या गाड्या होत्या. बनलेल्या, पासिंग झालेल्या नव्हे. फेब्रुवारीत कारखान्यातून निघालेली गाडी शोरूमच्या यार्डात उभी राहून एप्रिलमध्ये पासिंग झालेली असू शकते. आरसीवरची नोंदणीची तारीख बघून “आपण सुटलो” म्हणणारे इथेच फसतात.

चासी नंबर आरसीवर असतो, विम्याच्या पॉलिसीवरही असतो. कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांसाठीच्या माहितीत रिकॉलचं पान असतं, तिथे तो टाकायचा. काहीच दिसलं नाही तर आधी आपण काय टाइप केलंय ते तपासा. सतरा अक्षरी चासी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे ‘ओ’सारखं दिसतं ते शून्य आणि ‘आय’सारखं दिसतं तो एक. मारुतीचा नंबर ‘एमए3’ने सुरू होतो आणि पुढे चौदा अंक-अक्षरं असतात. पॉलिसीवर नंबर चुकीचा छापला गेल्याचीही शक्यता असते, म्हणून शंका वाटली तर गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचा. बहुतेक गाड्यांत तो बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली सापडतो. तरीही जमलं नाही, तर आरसी घेऊन अधिकृत वर्कशॉपला जा आणि “या चासीवर काही रिकॉल बाकी आहे का, सिस्टिममध्ये बघून सांगा” असं स्पष्ट विचारा. “काही प्रॉब्लेम आहे का” असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळेल.

एक सावधगिरी. रिकॉलच्या नावाने कुणी फोनवर ओटीपी मागितला किंवा बुकिंगचे पैसे भरायला लिंक पाठवली तर फोन ठेवून द्या आणि स्वतः वर्कशॉपला फोन लावा.

“गाडी तर मस्त चालतेय”

टाय रॉड म्हणजे काय ते एकदा गाडीखाली वाकून बघण्यासारखं आहे. स्टेअरिंगच्या रॅकपासून दोन्ही पुढच्या चाकांकडे एकेक लोखंडी दांडी जाते. तुम्ही स्टेअरिंग फिरवता तेव्हा चाकाला ढकलायचं किंवा ओढायचं काम ही दांडी करते. ती तुटली तर स्टेअरिंग हातात फिरत राहील, पण त्या बाजूचं चाक तुमचं ऐकणार नाही. आंबोली किंवा वरंधा घाटाच्या वळणावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

खड्ड्यात गेल्यावर ठकठक आवाज, स्टेअरिंगला जास्त प्ले म्हणजे सैलपणा, एका बाजूने झिजलेला टायर ही सांधा झिजल्याची नेहमीची लक्षणं. पण कारखान्यातच कच्चा राहिलेला पार्ट ही लक्षणं दाखवेलच असं नाही. म्हणून “परवाच अलाइनमेंट करून घेतलं” हे रिकॉलला उत्तर होत नाही. तीच गोष्ट फिटनेस पासिंगची. फिटनेसच्या तपासणीत चासी नंबर कागदाशी जुळवतात, एअरबॅगच्या आत कुणी डोकावत नाही.

एअरबॅगच्या बाबतीत तर गाडी नीट चालण्याचा आणि दोष नसण्याचा काहीच संबंध नाही. टकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या पार्टमध्ये, अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागली की ते खराब होतं, आणि अपघाताच्या क्षणी इतक्या जोरात जळतं की धातूचं आवरण फुटून त्याचे तुकडे समोरच्याच्या अंगात घुसतात. त्या प्रकरणात जगभरात कोट्यवधी गाड्यांचे रिकॉल झाले आणि कंपनीने जून 2017 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या उष्ण-दमट भागांतल्या गाड्यांना प्राधान्य दिलं गेलं. आपली कोकण किनारपट्टी आणि गोवा हवेच्या बाबतीत त्याच जातीचे. तिथे जुनी गाडी वापरणाऱ्याने ही तपासणी कधीच पुढे ढकलू नये असं माझं ठाम मत आहे.

“वॉरंटी संपलीय, आता पैसे पडतील”

पडत नाहीत. जानेवारी 2017 मध्ये होंडाने भारतात 41,580 गाड्यांचे टकाटा इन्फ्लेटर बदलायला घेतले. त्या गाड्या 2012 सालच्या होत्या आणि काम मोफत होतं. रिकॉलमध्ये ठरलेला पार्ट आणि त्याची मजुरी, दोन्हीचा खर्च कंपनीचा. गाडीची सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजमध्ये होते म्हणून रिकॉल नाकारता येत नाही. उलट हे काम त्या गॅरेजमध्ये करून घेऊ नका. एअरबॅगला तर मुळीच हात लावू देऊ नका.

नोटीस अर्धवट वाचणं

सगळे रिकॉल सारखे नसतात. जानेवारी 2023 मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी, म्हणजे एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणाऱ्या पार्टसाठी, 17,362 गाड्या बोलावल्या, तेव्हा पार्ट बदलेपर्यंत गाडी वापरूच नका असं ग्राहकांना सांगितलं होतं. अशी सूचना असेल तर वर्कशॉपपर्यंतही चालवत नेऊ नका. फोन करून टोइंगची व्यवस्था मागा. सप्टेंबर 2021 मध्ये सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल6 अशा 1,81,754 पेट्रोल गाड्यांच्या रिकॉलमध्ये सूचना वेगळी होती: पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका आणि इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाणी मारू नका. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात ही सूचना पाळायची म्हणजे रोजचा रस्ताच बदलायचा. बातमीच्या मथळ्यात हे येत नाही, म्हणून नोटीस शेवटपर्यंत वाचा.

वर्कशॉपमधून नुसतं “झालं साहेब” ऐकून निघणं

काउंटरवर सर्व्हिस ॲडव्हायझर चासी नंबर टाकतो आणि बाकी असलेलं काम स्क्रीनवर दिसतं. जॉब कार्डवर, म्हणजे गाडीवर करायच्या कामांच्या कागदावर, ते काम रिकॉल म्हणून स्वतंत्र ओळीत लिहून घ्या. कूलंट, वायपर, पॉलिश हे सगळं त्याच कार्डवर चढवलं जात असेल तर सही करायच्या आधी काय नको ते सांगा. बऱ्याच रिकॉलमध्ये आधी तपासणी होते आणि गरज असेल तरच पार्ट बदलतात. तेव्हा पार्ट बदलला, की तपासून ठीक निघाला, हे तारखेसह लेखी हवं. पार्ट आलेला नाही असं सांगितलं तर तेही लेखी घ्या आणि तोपर्यंत गाडी चालवणं सुरक्षित आहे का, हे कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेलने विचारा. तोंडी आश्वासन पुढे कुठेच कामाला येत नाही.

“आमच्या गाडीचा रिकॉल मागेच होऊन गेला”

कुठला? एकट्या ईकोचं बघा. नोव्हेंबर 2020 मध्ये हेडलॅम्पवर ठरलेलं चिन्ह नव्हतं म्हणून 40,453 गाड्या, एप्रिल 2022 मध्ये व्हील रिमवर साइज चुकीचा उमटला म्हणून 19,731, मग जानेवारी 2023 च्या एअरबॅग कंट्रोलरच्या यादीत ईकोही होती, आणि त्यानंतर टाय रॉड. एक काम झालं म्हणून दुसरं झालं असं होत नाही. दर सर्व्हिसला नव्याने विचारायचं.

सुट्या पार्टचाही विचार करा. ऑक्टोबर 2024 मध्ये होंडाने फ्युएल पंपासाठी 90,468 गाड्या बोलावल्या, तेव्हा तोच पंप नंतर स्पेअर म्हणून बसवलेल्या जुन्या गाड्यांनाही तपासणीला यायला सांगितलं. दुरुस्तीत मोठा पार्ट बदलला असेल तर त्याचं बिल गाडीच्या फाइलमध्ये राहू द्या.

दोष दिसतोय, पण रिकॉलच नाही

अशा वेळी लोक मॉडेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार टाकतात, चार जण “सेम हियर” लिहितात आणि विषय तिथेच राहतो. तिथल्या तक्रारी सरकार मोजत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आलं आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली असेल आणि सुरक्षेशी संबंधित दोषाच्या पुरेशा तक्रारी नोंदल्या गेल्या, तर केंद्र सरकार चौकशी करून कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत आहे. तक्रार वाहन पोर्टलवर रिकॉलच्या विभागात गाडीमालकाने स्वतः नोंदवायची. ग्रुपवरच्या चौघांनी चार तक्रारी तिथे टाकल्या तर त्या चार मोजल्या जातात. जाहीर झालेल्या रिकॉलचं काम वर्कशॉप टाळत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने टोकन द्यायच्या आधी चासी नंबर मागावा आणि तपासावा. घेतल्यावर आरसी नावावर झाली की वर्कशॉपच्या आणि कंपनीच्या नोंदीत स्वतःचा मोबाइल नंबर टाकून घ्यावा. विकणाऱ्याने रिकॉलच्या जॉब कार्डची प्रत कागदांबरोबर द्यावी. आणि मुलं व्हॅनने शाळेत जात असतील तर पालकांनी व्हॅनवाल्या काकांकडे एवढंच मागावं: “काका, आरसीचा फोटो पाठवाल का? रिकॉल बाकी आहे का ते आम्हीच बघून तुम्हाला सांगतो.”