उन्हाळ्यात सोलापूर रस्त्याने जाताय? रस्त्याकडेचं बघताना या चुका टाळा

मे महिन्यात पुण्याहून सोलापूरकडे निघालं की इंदापूरच्या आसपास गाडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "इथं बघण्यासारखं काय आहे? नुसता माळ!" त्याच माळावर चिंकारा हरीण, खोकड (लहान कोल्ह्यासारखा प्राणी) आणि लांडगा राहतात. उजनीचं पाणी उतरलं की बुडालेलं देऊळ वर येतं. आसपासच्या गावांत कडुलिंबाखाली शेकडो वर्षांचे वीरगळ, म्हणजे वीरांचे स्मृतिदगड, उभे असतात. शिवाय उन्हाळ्यात गवत वाळून आखूड झालेलं असतं, झाडं उघडी पडलेली असतात आणि पाणी मोजक्याच जागी उरतं. बघायला याहून सोयीचा ऋतू नाही. तरी बहुतेकजण रिकाम्या हातांनी परततात, कारण निघण्याची वेळ, थांबण्याची जागा आणि बघण्याची रीत, तिन्ही चुकतात.

उशिरा निघणं

नाश्ता करून, सामान भरून अकराला निघायचं आणि संध्याकाळी म्हणायचं, "काहीच दिसलं नाही." अकरा ते चार या वेळात माळ झोपलेला असतो. उजाडल्यापासून साधारण आठपर्यंत आणि ऊन कलल्यावर, या दोनच वेळा खऱ्या. दुपारी जावंच लागलं तर मोकळ्या रानावर नजर फिरवत बसू नका. बाभळीची सावली, विहिरीचा काठ, पाटाची गळती, बांधावरचं एकटं झाड, एवढंच बघा. सगळे तिथेच असतात. चोच उघडी टाकून धापा टाकणारा कावळा किंवा साळुंकी दिसली तर ती आजारी आहे असं समजू नका. पक्ष्यांना घाम येत नाही, ते असेच अंग थंड करतात.

दिसलं की करकचून ब्रेक दाबणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच. मागून उसाचा ट्रक किंवा एसटी येत असते आणि त्या चालकाला तुमचं हरीण दिसलेलं नसतं. महामार्गावर काही दिसलं तर पुढे जा, किलोमीटरचा दगड लक्षात ठेवा, पुढच्या कटवरून सर्व्हिस रोडला उतरा आणि मागे या. पाच-दहा मिनिटं जातात, पण चरणारं जनावर बहुधा तिथेच असतं. पळणारं जनावर तुम्ही जागेवर थांबलात तरी मिळालं नसतंच.

जनावर रस्ता ओलांडत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वेग कमी करावाच लागतो आणि तिथेच दुसरी चूक होते. एक काळवीट गेलं की चालक गाडी दामटतो. काळवीट, चितळ, रानडुक्कर हे बहुतेकदा ओळीने येतात. पहिलं गेलं म्हणजे दुसरं कडेच्या झुडपात उभं आहे असं धरून चला. हॉर्न वाजवला तर ते बिथरून उलटं तुमच्याच पुढ्यात येतं. रात्री लाइट डिपरवर घ्या. प्रखर उजेडात जनावर डोळे दिपून रस्त्यातच थबकतं. विदर्भात रोह्यांच्या (नीलगायींच्या) बाबतीत हे फार जपावं लागतं. एवढं मोठं धूड बॉनेटवर आलं तर दोघांचाही जीव जातो. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी मोऱ्या आणि पूल बांधले आहेत आणि वाघसुद्धा त्यांतून ये-जा करतात. आपल्या बाकीच्या बहुतेक रस्त्यांवर अशी सोय नाही, म्हणून ती जबाबदारी चालकावर येते.

दार उघडून खाली उतरणं

गाडी उभी राहिली तरी चिंकारा चरत राहतो. दार उघडल्याचा आवाज आला आणि माणसाचा आकार दिसला की तो पळतो. इंजिन बंद करा, म्हणजे हादरे थांबतील, काच हळू खाली घ्या, कोपर दारावर टेकवा आणि तसाच फोटो काढा. बंद काचेतून काढलेल्या फोटोत डॅशबोर्डाचं प्रतिबिंब उमटतं. फोन उन्हात डॅशबोर्डवर ठेवला असेल तर तापून ऐन वेळी कॅमेरा बंद पडतो. तो सीटखाली सावलीत ठेवा.

गाडी कुठे लावतोय हे न बघणं

रस्त्यालगतची खडीची, मुरमाची मोकळी जागा दिसली की आपण गाडी तिथे घालतो. उन्हाळ्यात टिटवीचं घर नेमकं तिथेच असतं. घरटं म्हणावं असं काहीच नसतं. जमिनीत उथळ खळगा, भोवती चार खडे, आत मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची बहुधा चार अंडी. हातभर अंतरावरूनही ती खड्यांतून वेगळी काढता येत नाहीत. उन्हाने खडी भाजून निघते तेव्हा टिटवी जवळच्या पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसून ती गार ठेवते. तुम्ही दहा मिनिटं त्या जागेजवळ उभे राहिलात तर तेवढा वेळ अंडी उघड्यावर भाजतात.

खूण सोपी आहे. गाडी लावताच डोक्यावर "टिटीव-टिव, टिटीव-टिव" असा आकांत सुरू झाला, किंवा एखादी टिटवी पंख मोडल्यासारखी फरफटत लांब जाऊ लागली, तर पाऊल टाकू नका. आलात त्याच चाकोरीने गाडी मागे घ्या आणि शंभरेक पावलं पुढे थांबा. टिटवी ओरडली की अपशकुन, असं घरात कुणी म्हणालंच तर ती कशासाठी ओरडतेय हे मुलांना जरूर सांगा.

याच कारणासाठी माळात गाडी घालू नये. चंडोल जमिनीवर अंडी घालतो, खोकडाचं बीळ जमिनीत असतं आणि वाळल्या गवतावर तापलेला सायलेन्सर किंवा विडीचं थोटूक पडलं की वणवा लागतो. माळ आतून बघायचाच असेल तर इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामतीकडे शिर्सुफळला वनखात्याची माळरान सफारी आहे. सोबत वाटाड्या असतो आणि गाडी ठरल्या वाटेनेच जाते.

ओळखण्यातली गफलत

"वाघ बघितला!" असं सांगत लोक येतात आणि बहुतेक वेळा ते तरस असतं. अंगावर पट्टे असतात खरे, पण पाठ मागे उतरती, मानेवर आयाळ आणि चाल लंगडल्यासारखी. कुत्र्यापेक्षा लहान, मोठे कान, झुपकेदार शेपूट आणि तिचं टोक काळं, ते खोकड. कोल्हा त्याहून मोठा. उंच पायांचा, सडपातळ, मान खाली घालून एका लयीत चालणारा, मेंढ्यांच्या कळपापासून अंतर राखून जाणारा, तो लांडगा.

काळवीट आणि चिंकारा यांतही घोटाळा होतो. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, पीळदार शिंगांचा नर ओळखू येतो, पण त्याच्या माद्या भुऱ्या आणि बहुधा बिनशिंगी असतात. चिंकाऱ्याच्या मादीलाही बारीक शिंगं असतात आणि काळी आखूड शेपटी सतत हलत असते. काळवीट नक्की बघायचंच असेल तर नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी किंवा सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं नान्नज गाठा. नान्नजचं अभयारण्य 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी झालं. माळढोक दिसेल ही आशा धरून मात्र जाऊ नका, काळविटांसाठी जा.

पळसदेवच्या गाळात उतरणं

उजनी धरण झालं तेव्हा भीमाकाठचं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तिथलं दगडी देऊळ उघडं पडतं आणि सोलापूर रस्त्यावरून लोक वाट वाकडी करून येतात. चूक होते ती शेवटच्या टप्प्यात. वरून भेगाळलेला, खडखडीत वाटणारा गाळ खाली ओलाच असतो आणि त्यात पाय मांडीपर्यंत जातो. मच्छीमारांच्या पायवाटेनेच चाला, पाणी किती उतरलंय ते गावात विचारा, होडी मिळत असेल तर होडीने जा. पाय रुतलाच तर जोराने ओढू नका. मागे बसा, वजन पसरा, पाय हलवत हलवत सैल करा. आणि देवळाच्या दगडांवर चढून फोटो काढू नका. वर्षानुवर्षं पाण्याखाली राहून त्यातले किती सांधे निखळलेत ते वरून कळत नाही.

वीरगळाला तेल-शेंदूर लावणं

पारावर किंवा फाट्यावर उभा चौकोनी दगड आणि त्यावर एकावर एक कोरलेले चौकोन दिसले तर तो बहुधा वीरगळ. खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा गुरं वाचवताना पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. नुसता कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून काहीजण खडू घासतात, पाणी मारतात, तेल ओततात. त्याने दगड झिजतो आणि कोरीव काम बुजतं. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की कोरीव काम आपोआप उठून दिसतं. फोटोची वेळ तीच.

आग्यामोहोळाखाली थांबणं

पुलाखाली, जलसेतूच्या कमानीत, वडाच्या आडव्या फांदीवर काळसर अर्धगोल लटकताना दिसला तर तिथे डबा उघडू नका. धूर, अत्तराचा उग्र वास किंवा एखादा दगड आग्या माश्या उठायला पुरतो. उठल्याच तर हात झाडू नका, तोंड झाकून पळा, गाडीत शिरा, काचा लावा. आत आलेल्या चार माश्या बाहेरच्या थव्यापेक्षा बऱ्या. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच काढा. खूप डंख झाले असतील किंवा श्वासाला त्रास होत असेल तर 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठा.

मदतीच्या नावाखाली

घाटात माकडांना चिप्स आणि वडापाव देऊ नका. ती रस्त्यावर ठाण मांडतात आणि पिल्लं चाकाखाली येतात.

उन्हाने पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत बाटलीने पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊन तो मरतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, सावलीत ठेवा आणि शेजारी उथळ झाकणात पाणी द्या. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू दिसलं तर बहुधा आई-बाप जवळच असतात. त्याला फक्त झुडपाच्या सावलीत सरकवा.

लांडग्याची किंवा खोकडाची पिल्लं बिळापाशी दिसली तर फोटोसोबत ठिकाण टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते आणि आई पिल्लं हलवते.

जनावर धडकून जखमी पडलं असेल तर हात लावू नका. घाबरलेलं काळवीट शिंगाने पोट फाडू शकतं आणि धरून ठेवलं तर भीतीनेच दगावू शकतं. चारही इंडिकेटर चालू करून गाडी कडेला घ्या आणि वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर वाहतूक अडत असेल तर 1033 ला कळवा. "इंदापूरच्या पुढे कुठेतरी" असं सांगून मदत पोचत नाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, गाडी पुण्याकडे की सोलापूरकडे चालली होती आणि जनावर रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, एवढं सांगा.