गॅल्डिट नकाशा करताना या चुका टाळा

किनाऱ्यावरच्या भूजलात समुद्राचं पाणी शिरण्याचा धोका किती, हे ठरवायला गॅल्डिट पद्धत सोपी वाटते. घटक सहा: जलधराचा (भूजल साठवणाऱ्या खडकाच्या किंवा वाळूच्या थराचा) प्रकार, त्याची पाणी वाहून नेण्याची क्षमता, समुद्रसपाटीच्या वरची पाणीपातळी, किनाऱ्यापासूनचं अंतर, खारेपणाची सद्यस्थिती आणि जलधराची जाडी. प्रत्येक घटकाला गुण देतात आणि महत्त्वानुसार भारांक; भारांक अनुक्रमे 1, 3, 4, 4, 1, 2. पण पुण्यात बसून कोकणातल्या विहिरींचे नकाशे करणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा पाणीपातळीपाशीच चुकतं.

उपग्रहाने मोजलेल्या जमिनीच्या उंचीतून पाण्याची खोली वजा करून पातळी काढतात. त्या उंचीत काही मीटरचा फरक सहज असतो. इथे तर पातळी 1 मीटरच्या आत असेल तर 10 गुण आणि 2 मीटरच्या वर गेली की 2.5! गुण गुणिले भारांक यांच्या बेरजेला भारांकांच्या बेरजेने भागलं की निर्देशांक मिळतो. इथे भारांक 4 आणि भारांकांची बेरीज 15, म्हणजे या एका चुकीने निर्देशांक थेट 2 ने घसरतो. 7.5 च्या वर जास्त धोका आणि 5 च्या खाली कमी, हे लक्षात घेतलं तर नकाशाचा रंगच बदलतो. समुद्रसपाटीच्या वर मीटरभर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण 40 मीटर गोडं पाणी तरतं. म्हणून अर्धा मीटरही सोडू नका. लेव्हलिंग (उपकरणाने जमिनीची नेमकी उंची मोजणं) करा. डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) वापरलात तर जिऑइडची (सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या काल्पनिक पृष्ठाची) दुरुस्ती करा. आणि खोली कठड्यापासून मोजली असेल तर कठड्याची उंची वजा करायला विसरू नका.

दिवाळीच्या सुट्टीत मोजमाप करू नका. पावसाळ्यानंतर विहिरी भरलेल्या असतात, खरा धोका मे महिन्यात दिसतो.

अंतर नुसतं समुद्रापासून मोजणं हीसुद्धा मोठी चूक. दाभोळच्या खाडीत भरतीचं पाणी पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येतं. तिथली विहीर नकाशावर समुद्रापासून लांब दिसते, पण खाडी हाकेच्या अंतरावर असते.

खारेपणासाठी क्लोराइड भागिले बायकार्बोनेट (अधिक कार्बोनेट) हे गुणोत्तर मिलीइक्विव्हॅलंटमध्येच (मिलिग्रॅमला त्या घटकाच्या तुल्यभाराने भागून) काढा. लिटरला 284 मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे 8, 183 मिलिग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे 3, गुणोत्तर 2.67, गुण 10. मिलिग्रॅममध्येच भागलंत तर 1.55 येतं आणि गुण 7.5 वर येतात.

आणि विहीरमालकाला एवढं जरूर विचारा: पाणी कोणत्या महिन्यात मचूळ लागतं, आणि पंप किती वेळ चालवल्यावर?