मोबाईल कॅमेऱ्याच्या भिंगाचे डिझाइन शिकताना

जळगावच्या विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर मी बंगळुरूत मोबाईल कॅमेऱ्यांच्या भिंगांच्या डिझाइनचे काम करू लागलो. सुटीत गावी आलो की अमळनेर, चोपडा, यावल या भागातली मुले या क्षेत्राची चौकशी करायला येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा कोणते सॉफ्टवेअर शिकावे हाच असतो. जेमॅक्स आणि कोड व्ही ही दोन नावे मी सांगतो. पण सॉफ्टवेअर हाताळता येणे म्हणजे भिंग डिझाइन करता येणे नव्हे, हे मला स्वतःला उशिरा कळले, म्हणून हे लिहीत आहे.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आपण भूमितीय प्रकाशशास्त्र परीक्षेपुरते पाठ करतो आणि विसरतो. या कामात मात्र रोज तेच लागते. दोन भिंगांतून जाणाऱ्या किरणाचा मार्ग पृष्ठभागागणिक हाताने किंवा एक्सेलमध्ये मांडून पाहिल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मन शास्त्रज्ञ झायडलने एकोणिसाव्या शतकात वर्गीकरण केलेली पाच ॲबरेशन, म्हणजे भिंगाच्या आकारामुळे प्रतिमेत येणारे दोष, नुसती नावाने ओळखून भागत नाही. भिंगाचा कोणता पृष्ठभाग कोमा (ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटण्याचा दोष) वाढवतो आणि कोणता तो फेडतो, हे आकड्यांत दिसायला हवे.

मोठ्या कॅमेऱ्याचे उत्तम भिंग दहापट लहान केले की मोबाईलचे भिंग तयार होईल, असे सुरुवातीला वाटते. कागदावर ॲबरेशनही दहापट लहान होतात. परंतु प्रकाशाची तरंगलांबी लहान होत नाही आणि कारखान्याची अचूकताही आपोआप दहापट वाढत नाही. एफ/२ छिद्राच्या, म्हणजे नाभीय अंतराच्या निम्म्या व्यासाचे छिद्र असलेल्या, निर्दोष भिंगातूनसुद्धा हिरव्या प्रकाशाचा ठिपका विवर्तनामुळे, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सुमारे २.७ मायक्रॉन व्यासाचा पडतो, तर आजच्या अनेक सेन्सरचा पिक्सेल एका मायक्रॉनहूनही लहान असतो. शिवाय पहिल्या भिंगापासून सेन्सरपर्यंतची सगळी जागा अवघ्या पाच-सहा मिलिमीटरची असते.

या जागेत पाच ते सात प्लास्टिकची भिंगे बसवतात. पहिले भिंग बहिर्गोल असते आणि त्याचे प्लास्टिक सुमारे १.५४ अपवर्तनांकाचे व कमी अपस्करणाचे निवडतात. दुसरे अंतर्गोल असते आणि त्याचे प्लास्टिक सुमारे १.६५ अपवर्तनांकाचे व जास्त अपस्करणाचे असते, कारण रंगांची फाकलेली कड या जोडीने आवरायची असते. सेन्सरजवळचे शेवटचे भिंग मध्ये एका बाजूला वळते आणि कडेला उलट, उडत्या पक्ष्याच्या पंखांसारखे. ते प्रतिमेचा वक्रपणा सपाट करते आणि कडेच्या किरणांना सेन्सरवर फार तिरपे पडू देत नाही. असे ॲस्फेरिक, म्हणजे गोलाचा भाग नसलेले, आकार काचेत घासून लाखोंच्या संख्येने काढणे परवडत नाही, पण एकदा साचा तयार झाला की प्लास्टिकमध्ये ते सहज निघतात.

साच्याचा विषय निघाला की मला माझे मामा आठवतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ते ठिबक सिंचनाच्या जोडण्या इंजेक्शन मोल्डिंगने काढणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते. माझे पहिले पाच भिंगांचे डिझाइन मी त्यांना लॅपटॉपवर मोठ्या अभिमानाने दाखवले होते. प्रतिमेच्या स्पष्टतेचा आलेख विवर्तनाच्या मर्यादेला, म्हणजे निर्दोष भिंगाच्या रेषेला, जवळजवळ टेकला होता. मामांनी चित्र नीट पाहिले आणि विचारले, “कागदवर बठ्ठं बरोबरच ऱ्हास, साचामाईन काय निंघस ते सांग.” मी हसण्यावारी नेले.

पुढच्याच आठवड्यात वरिष्ठांनी टॉलरन्स, म्हणजे बनवताना होणाऱ्या बारीक चुका डिझाइनला कितपत सोसतात ते, तपासायला सांगितले. प्रत्येक भिंग तीन मायक्रॉनपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाइतके, कुठल्याही दिशेला सरकू शकते असे धरून मी दोनशे काल्पनिक नग तयार केले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक निकामी ठरले. पहिले बहिर्गोल आणि दुसरे अंतर्गोल भिंग मी इतके तीव्र केले होते की एकाची मोठी चूक दुसऱ्याची तितकीच मोठी उलट चूक खोडत होती. जोडी किंचित हलली की कोमा उघडा पडत होता. त्याशिवाय शेवटच्या भिंगाची कड मध्यभागाच्या तिप्पट जाड झाली होती. अशा भिंगात पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग मागाहून आकसतो आणि पृष्ठभाग खचतो. मामांच्या जोडण्यांना पडणारे खड्डे याच कारणाने पडत. प्रकाश वळवण्याचा भार सगळ्या भिंगांत वाटून, कडेची जाडी आटोक्यात आणून मी तीन आठवड्यांनी नवे डिझाइन दिले. त्याचा आलेख पहिल्याइतका देखणा नव्हता, पण तेच पुढे गेले.

दुसरी गोष्ट उष्णतेची, जी भुसावळच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. प्लास्टिकचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण ०.०००१ ने घटतो आणि प्लास्टिक प्रसरणही पावते. चार मिलिमीटर नाभीय अंतराच्या एकट्या प्लास्टिक भिंगाचा हिशेब केला, तर २० अंशांवरून मे महिन्यातल्या ४५ अंशांवर जाताना प्रतिमा सुमारे २५ मायक्रॉन मागे सरकते. एफ/२ ला चालणारी चूक जेमतेम चार-साडेचार मायक्रॉनची असते. प्रत्यक्षात इतर भिंगे आणि नळीचे प्रसरण यांतला काही भाग भरून काढतात आणि उरलेले ऑटोफोकस सांभाळतो. तरीही हा हिशेब नवशिक्याने एकदा स्वतः करावा.

पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटी दिल्लीचा उपयोजित प्रकाशशास्त्राचा एम.टेक., कलकत्ता विद्यापीठ किंवा कोचीनचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ हे पर्याय पाहावेत. सरावासाठी पैसे लागत नाहीत. मोबाईल भिंगांच्या पेटंटांत प्रत्येक पृष्ठभागाची त्रिज्या, जाडी, अपवर्तनांक आणि ॲस्फेरिक गुणांक यांचे तक्ते खुले असतात. एक तक्ता रेऑप्टिक्ससारख्या मोफत पायथन साधनात भरावा आणि पेटंटातला आलेख जुळतो का ते पाहावे. जुळला नाही तर आधी आकड्यांची अधिक-उणे चिन्हे तपासावीत, कारण कधीकधी तक्त्यातच छपाईची चूक असते. जुळल्यावर त्याच भिंगाचा टॉलरन्स काढावा आणि मुलाखतीला जाताना जुळलेला आलेख आणि टॉलरन्स असे दोन्ही कागद बरोबर न्यावेत. माझ्या मुलाखतीत पाऊण तास त्या दुसऱ्याच कागदावर बोलणे झाले होते.