स्क्लेरल लेन्स घालूनही अंधुक दिसतंय? नंबर बदलण्याआधी या चुका टाळा

केराटोकोनसमध्ये कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. त्यामुळे येणारा, चष्म्याने न जाणारा सिलिंडर (वाकड्या पृष्ठभागामुळे लागणारा नंबर) स्क्लेरल लेन्सने, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या कडक लेन्सने जातो. याचं श्रेय लेन्सच्या नंबरापेक्षा तिच्या कडक, गुळगुळीत पृष्ठभागाला आणि खाली साठलेल्या सलाईनला आहे. सलाईनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३६ आणि कॉर्नियाचा १.३७६. दोन्ही इतके जवळ की कॉर्नियाच्या पुढच्या बाजूचे उंचसखल भाग प्रकाशाला जवळपास जाणवतच नाहीत. पण त्यासाठी लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सारखी टेकलेली हवी आणि कॉर्नियाला कुठेही शिवता कामा नये. बसणं बिघडलं की दिसणंही बिघडतं, आणि लोक मात्र आधी नंबर बदलून मागतात.

उरलेला सिलिंडर सरसकट नंबरात घालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लेन्स घातल्यावर तपासणीत ०.७५ किंवा १.०० सिलिंडर निघाला, तर तो कुठून आला हे आधी शोधायला हवं. त्यासाठी लेन्स डोळ्यात असतानाच तिच्यावरून टोपोग्राफी किंवा केराटोमेट्री (पृष्ठभागाचं वळण मोजणारी तपासणी) करून घ्या. लेन्सचा पुढचा पृष्ठभाग गोल बनवलेला असूनही मशीन तिथे सिलिंडर दाखवत असेल, तर लेन्स डोळ्यावर वाकते आहे. पांढरा भाग सगळीकडून सारखा गोल नसतो. एका दिशेला तो जास्त उतरता असतो, आणि बुबुळापासून लांब जावं तसा हा फरक वाढतो. अशा डोळ्यावर गोल कडेची पातळ लेन्स टेकवली की प्रत्येक पापणीच्या दाबाने ती थोडी मुडपते. इथे नंबर वाढवून काही साधत नाही. कड टोरिक, म्हणजे दोन दिशांना वेगवेगळ्या वळणाची, करून घ्यावी लागते, किंवा लेन्सची मधली जाडी थोडी वाढवावी लागते.

मशीनवर पृष्ठभाग गोल दिसतो आणि तरीही सिलिंडर उरतो, तर तो कॉर्नियाच्या मागच्या बाजूचा किंवा डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचा असतो. सलाईन तिथे पोचत नाही. अशा वेळी लेन्सच्या पुढच्या बाजूला सिलिंडर घालणं योग्यच, पण लेन्स डोळ्यात फिरत नसेल तरच. टोरिक कड तिला जागेवर धरते. लेन्सवरच्या खुणा फिटरने (लेन्स मापून बसवून देणाऱ्या तज्ज्ञाने) सांगितलेल्या दिशेला येतील अशीच ती रोज घाला. खूण सरकली की अक्षरांना सावली येते.

रात्री गाडीच्या दिव्याला एकाच बाजूला शेपूट दिसतं का? लेन्स मध्यावरून घसरली असण्याची शक्यता आहे. नाकाकडचा पांढरा भाग कमी उतरता असल्यामुळे लेन्स बहुधा कानशिलाकडे आणि खाली सरकते, आणि लेन्स व कॉर्नियामधली पोकळी जास्त ठेवली असेल तर आणखीच.

तपासणीच्या दारात लेन्स घालणं

लेन्स घातल्याघातल्या मध्यभागी साधारण ३०० ते ३५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पोकळी असते. पुढच्या काही तासांत लेन्स रुतते आणि त्यातले १०० च्या आसपास मायक्रॉन कमी होतात. रत्नागिरी-मालवणहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणारे बरेच जण दवाखान्यात पोचल्यावर लेन्स घालतात. मग दिसते ती न रुतलेली लेन्स, आणि बदल चुकीचे होतात. वेळ दुपारची घ्या, निदान ४ तास आधी नीट हात धुऊन लेन्स घाला आणि तशीच दाखवा. गाडीत लेन्स घालून झोपू मात्र नका.

बुडबुडा आणि अर्धवट भरलेली लेन्स

घातल्यापासूनच एका बाजूला धूसर दिसत असेल तर आरशात पाहा. बुबुळासमोर चंदेरी कडेचा गोल दिसला की लेन्स काढून पुन्हा भरा. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं ०.९ टक्के सलाईन काठोकाठ, वर फुगवटा येईल इतकं घ्या. हनुवटी छातीला, चेहरा जमिनीला समांतर. दोन्ही पापण्या पूर्ण उघडून लेन्स सरळ वर न्या, सलाईन सांडेपर्यंत टेकवा आणि मगच प्लंजर (लेन्स धरायची रबरी चूषणी) सोडा. मान अर्धवट वाकवली तर सलाईन आधीच सांडतं आणि त्याच्या जागी हवा शिरते.

दुपारचं धुकं: आधी कुठलं ते ओळखा

सकाळी स्वच्छ आणि दुपारी धुरकट, ही तक्रार फार ऐकू येते. लेन्स डोळ्यात असतानाच सलाईनने भिजवलेल्या स्वच्छ कापसाच्या काडीने तिचा पुढचा भाग हलकेच पुसा. लगेच स्वच्छ दिसलं तर दोष पृष्ठभागाचा. हाताला राहिलेलं खोबरेल, क्रीमवाला साबण, हापूसच्या दिवसांत बोटांना चिकटलेला चीक, यातलं काहीतरी असतं. पुसून फरक पडला नाही तर लेन्स काढून नव्या सलाईनने भरा. आता स्वच्छ दिसलं, तर कडेखालून कचरा आत जमतोय. रोज असं होत असेल तर कड सैल आहे किंवा पोकळी जास्त आहे, हे फिटरला सांगा.

दोन्ही करूनही धुकं तसंच आणि दिव्यांभोवती इंद्रधनुषी वलयं दिसत असतील, तर कॉर्नियाला ऑक्सिजन कमी पडून सूज आली असू शकते. त्या दिवशी लेन्स पुन्हा घालू नका.

विहिरीचं पाणी

लेन्स, केस किंवा प्लंजर विहिरीच्या, बोअरच्या किंवा नळाच्या पाण्याने धुऊ नका. उकळलेलं किंवा फिल्टरचं पाणीही नको. पाण्यातला अकँथमिबा हा सूक्ष्म जीव कॉर्नियाला कायमची इजा करू शकतो. पावसाळ्यात केस ओली राहून बुरशी धरते, म्हणून ती लेन्सच्या सोल्यूशनने धुऊन स्वच्छ टिश्यूवर पालथी सुकवा आणि दर ३ महिन्यांनी बदला. सलाईनची फोडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, किंवा लेन्स काढल्यावरही अंधुकपणा जात नाही, तर मुंबईच्या फिटरची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. लेन्स आणि केस बरोबर न्या. जंतुसंसर्गाचा संशय आला तर तपासणीला दोन्ही लागतात.