सीपीआर आणि प्रथमोपचाराचा कोर्स निवडताय? किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी या चुका टाळा

समुद्रात कुणी बुडालं, घाटात गाडी उलटली किंवा क्रिकेट खेळता खेळता एखादा तरुण मुलगा मैदानातच कोसळला, की आठ दिवस गावात दुसरा विषय नसतो. मग कुणीतरी म्हणतं, आपल्याकडे सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि त्याला श्वास देऊन जीव वाचवायला शिकवणारं, शिबिर ठेवूया. मंडळ, बचत गट किंवा शाळा पुढाकार घेते. हॉल ठरतो, पाहुणे बोलतात, फोटो निघतात आणि दोन तासांत शंभर जणांच्या हातात सर्टिफिकेट पडतं. हेतू चांगलाच असतो. पण त्या शंभरातल्या किती जणांना उद्या वेळ आली तर छातीवर नेमका कुठे हात ठेवायचा हे आठवेल? कोर्स निवडताना चार प्रश्न नीट विचारले, तर हेच दोन तास खऱ्या अर्थाने कामाला येतात.

फक्त छाती दाबणं शिकून थांबणं

किनाऱ्यावरच्या माणसासाठी ही सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

सर्वसामान्यांसाठीच्या छोट्या शिबिरांमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त छाती दाबायला शिकवतात, तोंडाने श्वास द्यायला शिकवत नाहीत. त्यामागे कारण आहे आणि ते योग्यही आहे. मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडतं तेव्हा त्याच्या रक्तात आधीच घेतलेला प्राणवायू शिल्लक असतो. पहिली काही मिनिटं ते रक्त मेंदूपर्यंत फिरत ठेवलं तरी खूप काही साधतं. शिवाय अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात, आणि त्या संकोचात कुणीच काही न करण्यापेक्षा निदान छाती दाबलेली केव्हाही चांगली.

पण बुडालेल्या माणसाचं तसं नसतं. त्याचा श्वास आधी कोंडतो, रक्तातला प्राणवायू संपत जातो आणि मग हृदय थांबतं. त्याला आधी हवा लागते. म्हणून बुडालेल्या माणसाचा श्वास बंद असेल, तर सुरुवात श्वास देण्यापासून करतात. आधी दोन श्वास, मग ३० वेळा छाती दाबणं आणि पुन्हा दोन श्वास, असा क्रम शिकवला जातो. काही देशांत सुरुवातीला पाच श्वास द्यायला सांगतात. लहान मुलांच्या बाबतीतही बहुतेक वेळा श्वासाची अडचण आधी आणि हृदयाची नंतर येते.

आणि हे फक्त समुद्रापुरतं नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. तिच्या आणि नागाच्या विषाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हृदय चालू असतं, पण श्वास थांबलेला असतो. अशा माणसाला हॉस्पिटलपर्यंत कुणी श्वास देत राहिलं तर तो वाचू शकतो. गुहागर, हर्णै, तारकर्ली, काशीद असल्या ठिकाणी राहणाऱ्याने, घरगुती राहण्याची सोय चालवणाऱ्याने, होडीवर जाणाऱ्याने कोर्सच्या चौकशीत पहिला प्रश्न हाच विचारावा: "श्वास द्यायला शिकवणार का? आणि बुडालेल्या माणसासाठी काय वेगळं करायचं ते सांगणार का?" उत्तर 'नाही' असेल, तर दुसरा कोर्स शोधा किंवा प्रशिक्षकाला तेवढा भाग वाढवायला सांगा. चांगला प्रशिक्षक आनंदाने वाढवतो.

त्याच वेळी हेही शिकून घ्या, की बुडालेल्याचं पोट दाबून पाणी काढायचं नाही, त्याला उलटं टांगायचं नाही आणि खांद्यावर टाकून गोल फिरवायचं नाही. किनाऱ्यावर हे अजून होतं. त्यात मोलाची मिनिटं जातात, आणि पोटातलं सगळं वर येऊन श्वासनलिकेत शिरतं. उलटी तशीही होतेच. झाली की माणसाला कुशीवर वळवून तोंड साफ करायचं आणि लगेच पुन्हा सुरू करायचं. भुसभुशीत कोरड्या वाळूवर दाब नीट बसत नाही. ओल्या, घट्ट वाळूवर आणा आणि डोकं उताराकडे जाणार नाही अशा बेताने पाण्याच्या रेषेला समांतर झोपवा. आणि वाचवायला म्हणून स्वतः उडी घेऊ नका. दोर, ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका.

बघून येईल असं समजणं

सीपीआर बघून येत नाही. कोर्स चालवणाऱ्याला विचारा, डमी, म्हणजे सरावासाठीचे पुतळे, किती आहेत? पन्नास माणसांत एक डमी असेल, तर तुमच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं. माझ्या मते तीन-चार जणांमागे एक डमी हवी आणि प्रत्येकाने निदान एकदा सलग दोन मिनिटं छाती दाबलेली असावी. तान्ह्या बाळाची डमी आहे का, हेही विचारा. दाब बरोबर पडला की आवाज करणारी किंवा दिवा लावणारी डमी मिळाली तर फारच उत्तम. खोली बरोबर की चूक, ते प्रशिक्षकाच्या नजरेपेक्षा तीच अचूक सांगते.

मालवणकडच्या एका वर्गात एक काकी गुडघ्यावर बसल्या, दहा-बारा वेळा दाबलं आणि धापा टाकत म्हणाल्या, "माका जमाचा नाय गे." प्रशिक्षक मुलीने त्यांना फक्त दोन गोष्टी करायला लावल्या. गुडघे डमीच्या अगदी जवळ आणि खांदे तळहाताच्या बरोबर वर. कोपरं आपोआप सरळ झाली, ताकद दंडातून न येता कमरेपासूनच्या वजनातून आली, आणि डमी टक् टक् वाजू लागली. काकींनी पुढची दोन मिनिटं न थांबता पूर्ण केली.

वर्गात बहुतेकांचं अडतं ते याच ठिकाणी. लवकर दमत असाल, तर बहुधा कोपरं वाकताहेत. मनगट दुखत असेल, तर जोर बोटांवर जातोय. जोर तळहाताच्या मनगटाजवळच्या भागावर, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर पडायला हवा आणि बोटं उचललेली हवीत. दाब पुरेसा वाटत नसेल, तर खाली गादी आहे का बघा. घरीही माणूस खाटेवर असेल तर आधी त्याला खाली जमिनीवर घ्यायचं. मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे माप आहे. सोपा हिशेब म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत व्हायला हवेत. घाबरलेला माणूस भराभर आणि वरवर दाबतो. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तिच्यावर रेलून राहायचं नाही, नाहीतर हृदयात रक्तच भरत नाही.

श्वास आत जात नसेल, तर बहुतेक वेळा मान नीट मागे झुकवलेली नसते. कपाळावर एक हात, हनुवटीखाली दोन बोटं, हनुवटी वर. नाक चिमटीत धरलंय ना? तुमचं तोंड त्याच्या तोंडावर पूर्ण बसलंय ना? एक सेकंदभर फुंकायचं, छाती किंचित वर आली की पुरे. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. दोन श्वासांसाठी दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही.

बरगड्या मोडतील ही भीती प्रत्येक वर्गात कुणीतरी बोलून दाखवतं. मोडू शकतात, विशेषतः वयस्कर माणसांच्या. तरीही थांबायचं नाही. बरगडी जुळते, पण मेंदूला चार ते सहा मिनिटं रक्त मिळालं नाही की त्याचं नुकसान सुरू होतं.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षकाकडून करून घ्याच, ती म्हणजे आचके ओळखणं. हृदय बंद पडल्यावर काही माणसं मधूनमधून आचके देतात, तोंड उघडून घशातून आवाज काढतात. भोवतीचे म्हणतात, "श्वास चालू आहे", आणि थांबून राहतात. तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नेहमीसारखा श्वास घेत नसेल, तर सुरू करायचं.

सर्टिफिकेट बघून निवडणं

पूर्ण ऑनलाइन कोर्स माहितीसाठी ठीक आहे, पण हाताने करून न बघता मिळालेल्या सर्टिफिकेटचा वेळेला उपयोग नाही. इंडियन रेड क्रॉस, सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स, अमेरिकन हार्ट असोसिएशनशी जोडलेली केंद्रं, मेडिकल कॉलेजांचे भूलतज्ज्ञ, असे बरेच पर्याय आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा 'बीएलएस' (बेसिक लाइफ सपोर्ट) हा कोर्स डॉक्टर-नर्स मंडळींसाठी आहे. घरच्यांसाठी, हॉटेलवाल्यांसाठी, शिक्षकांसाठी त्यांचाच 'हार्टसेव्हर' योग्य. ते कार्ड दोन वर्षं चालतं.

शिकवण्याचा मजकूर कधीचा आहे, हे विचारायला संकोचू नका. घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसासाठी पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर पाच दाब, हा क्रम अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ च्या सूचनांत घेतला. त्याआधी ते थेट पोटावरच्या दाबापासून सुरुवात करायला सांगत. प्रशिक्षकाला हा बदल माहीत असेल, तर तो वाचत असतो असं समजा.

प्रथमोपचाराचा भाग शहरी असणं

पुण्या-मुंबईहून आलेला कोर्स भाजणं, कापणं, फ्रॅक्चर छान शिकवतो. पण आपल्याकडे फुरसं, घोणस, लाल विंचू, माडावरून पडलेला पाडेली, हापूस काढताना फांदीवरून घसरलेला गडी हे सगळं आहे. प्रशिक्षकाला आधीच फोन करून ही यादी द्या.

साप चावल्यावर आवळून बांधणं, ब्लेड मारणं, रक्त चोखणं, यातलं काहीही करायचं नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण काढायचे, चावलेला हात-पाय काठी किंवा पुठ्ठा लावून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. ते इंजेक्शन तुमच्या जवळच्या कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात असतं, ही चौकशी मात्र आजच करून ठेवा. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातली कितीतरी माणसं, मुलं वाचली. पण ते औषध डॉक्टरकडे आहे, मांत्रिकाकडे नाही.

झाडावरून पडलेल्याला लोक आधी उठवून बसवतात आणि पाणी पाजतात. दोन्ही टाळायचं. मणका दुखावलेला असू शकतो. डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून चार जणांनी एकदम कसं वळवायचं, हे वर्गात प्रत्यक्ष करून घ्या.

चुकीची वेळ, अपुरी तयारी

आंब्याच्या हंगामात, लावणीत किंवा गणपतीत शिबिर ठेवलं तर माणसं येणार नाहीत, आली तरी मन लागणार नाही. मच्छीमारांसाठी १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ सोयीचा, कारण तांडेल-खलाशी सगळे घरी असतात. होडीवर जागा किती अरुंद असते हे लक्षात घेऊन, डोक्याकडे बसून छाती कशी दाबायची हेही त्यांना दाखवायला सांगा. पर्यटकांवर चालणाऱ्या गावांनी दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी उरकून घ्यावं.

वर्गाला जाताना गुडघ्यावर बसता येईल असे कपडे घाला. साडी असेल तर पदर खोचून पिन लावा. नखं कापा, अंगठ्या घरी ठेवा, पोटात काहीतरी खाऊन जा. गुडघे दुखत असतील तर गोधडीची घडी बरोबर न्या. पाठीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. खाली बसता येत नसलं तरी जाच, कारण १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवणं, गर्दी मागे हटवणं, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला लावणं, ही कामंही कुणीतरी करावीच लागतात. एका घरातून दोघं गेले तर जास्त चांगलं.

आणि एक छोटंसं गृहपाठाचं काम. वाडीत रेंज कुठे येते आणि अ‍ॅम्ब्युलन्सला रस्ता कसा सांगायचा, हे कागदावर लिहा. "देवळाच्या मागे" एवढं पुरत नाही. कुठला फाटा, कुठली शाळा, गाडी कुठपर्यंत येते, पुढे चालत किती. तो कागद दाराच्या आत चिकटवा.

पोलिसांच्या भीतीने मागे राहणं

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात बघून लोक अजून गाडी पुढे काढतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलं आहे, आणि स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती नाही. कोर्समध्ये हे पाच मिनिटं सांगायला लावाच. शिकलेला माणूस याच भीतीपायी गप्प उभा राहतो.

एकदा केलं म्हणजे झालं, असं मानणं

हाताची सवय काही महिन्यांतच मोडते. गावाने किंवा बचत गटाने वर्गणी काढून एक साधी डमी घेतली, तर दर तीन महिन्यांनी अर्धा तास सगळ्यांचे हात चालतील. ती कुलूपबंद कपाटात नको. ज्या घरात सतत ये-जा असते, शाळेत किंवा आशाताईंकडे, तिथे ठेवा आणि त्या जागेची किल्ली कुणाकडे हे दोघांना तरी माहीत असू द्या.