ग्रेड केलेलं कार्ड घेण्यापूर्वी

ग्रेड केलेलं कार्ड म्हणजे खेळाडूंचं वगैरे संग्राह्य कार्ड, ज्याची अवस्था कंपनीने 1 ते 10 च्या आकड्यात ठरवून ते लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं असतं. लेबलवरचा आकडा शेवटी बघा. आधी लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या, उदा. पीएसएच्या, साइटवर टाका. तिथे फोटो असेल तर तोच डाग, तीच किनार समोरच्या कार्डावर आहे का ते ताडून पाहा. खरा क्रमांक खोट्या लेबलवर छापणं सोपं असतं, त्यामुळे नुसता क्रमांक जुळला म्हणून पैसे देऊ नका.

मग प्लास्टिकचा सांधा बघा. पांढुरके ओरखडे किंवा डिंकाचा माग दिसला, तर डबी उघडून कार्ड बदललेलं असू शकतं.

सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध छापलंय ते, स्वतः मोजा: चित्राच्या डावीकडची मोकळी पट्टी 2 मिमी, उजवीकडची 3 मिमी, म्हणजे 40/60. असं कार्ड 10 ग्रेडचं म्हणून विकत असतील तर जास्त बारकाईने बघा.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे कापलेली कड. आधुनिक कार्ड साधारण 63.5 × 88.9 मिमी असतं. कापलेलं कार्ड डबीत सैल दिसतं, कड नको इतकी धारदार असते. अमेरिकी बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या टी206 या जुन्या मालिकेतल्या एका प्रसिद्ध कार्डाला पीएसएने 8 ग्रेड दिली होती. ते कापल्याचं बिल मास्ट्रो या लिलावदाराने 2013 मध्ये कबूल केलं. तेव्हा महागड्या कार्डाला 10 पट भिंग आणि तिरका प्रकाश लावाच.