ट्रंकिंगचं झाकण घट्ट बसवा, वायरला धक्का न लावता

धातूच्या ट्रंकिंगचं, म्हणजे वायरी नेणाऱ्या पत्र्याच्या चौकोनी नळीचं, झाकण सैल झालं की हात आपसूक सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूकडे जातो. कृपा करून तो वापरू नका. त्याचं धारदार टोक पत्र्यातून थेट वायरींत घुसतं. इन्सुलेशन तिथल्या तिथे फाटलं तर निदान एमसीबी पडतो. नुसतं खरचटलं तर दोष कित्येक महिने लपून राहतो, आणि ते जास्त धोक्याचं.

आधी सप्लाय बंद करा. एकाच ट्रंकिंगमधून वेगवेगळ्या बोर्डांच्या वायरी जातात, त्यामुळे एक एमसीबी पाडून भागत नाही. सगळे सप्लाय बंद करून कुलूप लावा आणि टेस्टरने खात्री करा. टेस्टर स्वतः चालतोय ना, हे चालू लाईनवर आधी आणि नंतरही बघा. कोणती वायर कुठून येते हे ठाऊक नसेल, तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

आता झाकण का बसत नाही ते शोधा. बहुतेक वेळा आत वायरींची गर्दी असते. ब्रिटनमध्ये वायरींनी आतली 45 टक्केच जागा व्यापावी असा दंडक आहे, आणि तो कुठेही पाळण्यासारखा आहे. गर्दी जास्त असेल तर मोठं ट्रंकिंग लावा. स्क्रू आवळून वायरी दाबणं हा उपाय नव्हे. फुगून वर आलेल्या वायरी केबल रिटेनरखाली (वायरी आत धरून ठेवणारी क्लिप) नीट बसवा. झाकण खालच्या बाजूला उघडत असेल तर रिटेनर हवेतच. कापलेल्या कडा कानशीने घासा, पत्र्याचा कीस काढून टाका.

झाकण सरकवत आणू नका, त्याची कड वायरीवर सुरीसारखी फिरते. सरळ वरून ठेवा आणि बोटांनी दाबा. तेवढ्यावर बसलं नाही, तर आत काहीतरी अडतंय.

बऱ्याच झाकणांना खाली फिरणारी पट्टी असते. स्क्रू फिरवला की ती आडवी होऊन ट्रंकिंगच्या आत वळलेल्या कडांखाली अडकते. नेमकी इथेच वायर चिमटते. फिरवण्याआधी टॉर्चने फटीतून बघा, हातच्या स्क्रूड्रायव्हरने हळू आवळा. पत्रा वाकायला लागला की थांबा.

पट्टी हरवली असेल तर त्याच मापाची नवी आणा. मिळालीच नाही, तर ट्रंकिंगला बाहेरून स्टीलचा पट्टा आवळणं मला सर्वांत सुरक्षित वाटतं, कारण भोक पाडावंच लागत नाही. स्क्रूच लावायचा असेल तर वायरी बाजूला घेऊन वळलेल्या कडेत रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात पक्का बसणारा आट्यांचा नट) बसवा आणि सपाट टोकाचा, नटाबाहेर न डोकावणारा स्क्रू घ्या.

ट्रंकिंगच्या जोडांवर तांब्याची अर्थिंग लिंक घट्ट आहे ना, तेही पाहा. अर्थिंगसाठी झाकणावर विसंबू नका. शेवटी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून 500 व्होल्ट डीसीवर मेगर टेस्ट, म्हणजे इन्सुलेशनची चाचणी, करून घ्या. नेहमीच्या 230 किंवा 400 व्होल्टच्या सर्किटला रीडिंग 1 मेगाओहमपेक्षा कमी आलं, तर सप्लाय देऊ नका. झाकण उघडा आणि प्रत्येक स्क्रूखालची वायर आधी तपासा.